रसायनशास्त्र फळ्यावरून टेबलावर: शाळांसाठी प्रात्यक्षिक-व्याख्यानं

मुख्याध्यापक आणि विज्ञान शिक्षकांसाठी माहिती

नववीला ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ आहे, दहावीला ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’. मुलं समीकरणं संतुलित करतात, मार्कही पाडतात. पण त्यातली अभिक्रिया प्रत्यक्ष पाहिलेली मुलं मोजकीच निघतात. तास आटोपशीर, वर्ग भरगच्च, कपाटातल्या निम्म्या बाटल्यांची लेबलं गळालेली. सरांनी-मॅडमनी तरी काय काय करायचं? म्हणून सगळं सामान घेऊन आम्हीच शाळेत येतो आणि दीड तास मुलांसमोर प्रयोग करतो.

प्रयोगाआधी प्रत्येक वेळी ‘आता काय होईल?’ हे मुलांकडून वदवून घेतो, हात वर करायला लावतो आणि मगच द्रावण ओततो. ज्याचा अंदाज चुकतो तो पोरगा पुढचा प्रयोग डोळे फाडून बघतो.

शक्य तिथे प्रयोग इथले, कोल्हापूर भागातलेच निवडले आहेत. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, हे मुलांना ऐकून माहीत असतं. आम्ही हिरड्याची पूड उकळून गाळलेलं पिवळसर तपकिरी पाणी काचेच्या ग्लासात घेतो आणि त्यात हिराकशीच्या (फेरस सल्फेटच्या) द्रावणाचे चार-पाच थेंब सोडतो. बघता बघता ग्लास निळसर काळा होतो. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह यांची ही शाई. पूर्वी दौतीत असायची ती याच जातीची. मग त्यात भरपूर लिंबू पिळायचं. काळेपणा उतरायला लागतो, आणि मागच्या बाकावरून ‘नाद खुळा!’ येतं. तिथेच थांबून विचारतो: लिंबाने शाई पुसली, की लोहाला टॅनिनपासून सोडवलं? हेच टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट धरतं, म्हणून कमावलेलं कातडं कुजत नाही, हेही तिथेच सांगून होतं.

गुऱ्हाळावरचा प्रयोग करवीर, कागलकडच्या मुलांना आवडतो, कारण निम्म्यांच्या घरी ऊस असतो. उसाचा ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो. त्यात आम्ल-आम्लारीप्रमाणे रंग बदलणारा जास्वंदीचा अर्क घालून चुन्याची निवळी थेंबाथेंबाने सोडली, की रंग कसा सरकत जातो ते दिसतं. निवळी जास्त झाली की गूळ काळपट होतो, हे गुळव्या अनुभवाने ओळखतो. मुलांना त्यामागचं उदासिनीकरण दिसतं. (कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे बऱ्याच मुलांना तिथेच पहिल्यांदा कळतं.)

फेसाचा प्रयोग सगळ्याच शाळा मागतात. हायड्रोजन पेरॉक्साइड, भांड्याचा साबण आणि यीस्ट. आम्ही 6 टक्क्यांचंच पेरॉक्साइड वापरतो, त्यामुळे फेस छताला लागत नाही. त्याऐवजी फेसात धुमसती अगरबत्ती घातली की ती भडकून पेटते, आणि फुग्यांत ऑक्सिजन आहे हे मुलं स्वतःच सांगतात.

काही गोष्टी मात्र आग्रह झाला तरी करत नाही. अमोनियम डायक्रोमेटचा ‘ज्वालामुखी’ प्रदर्शनात छान दिसतो. पण डायक्रोमेटमधलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरू शकतं, आणि त्याची पूड हवेत उडते. मिथेनॉल ओतून केलेल्या रंगीत ज्वाळांनी परदेशातल्या वर्गांत मुलं भाजली आहेत. ज्वालेचे रंग आम्ही नायक्रोमच्या तारेवर चिमूटभर क्षार घेऊन दाखवतो: मिठाचा पिवळा, मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा) हिरवा. ज्वाळा लहान असते, म्हणून मुलांना गटागटाने पुढे बोलावतो. वेळ लागतो, लागू दे.

शिक्षकांसाठी वेगळं अर्ध्या दिवसाचं सत्र आहे. त्यात प्रयोग बघायचे नसतात, स्वतः करायचे असतात, तेही थेंबांवर: औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातले खळगे हीच परीक्षानळी. रसायन कमी लागतं, धोका कमी, आणि अख्ख्या वर्गाला एका तासात करता येतं. कचऱ्याचं काय करायचं हेही घेतो. मोरचुदाचं पाणी मोरीत ओतू नका. त्यात गंजलेले नसलेले लोखंडी खिळे टाकून ठेवा. काही दिवसांत निळा रंग जातो, खिळ्यांवर तांबं चढतं, आणि विस्थापन अभिक्रियेचा पाठ फुकटात होतो.

शाळेकडून लागतं ते असं: वारा खेळता असलेला हॉल किंवा मोठा वर्ग, दोन दणकट टेबलं, बादलीभर पाणी आणि संपूर्ण वेळ थांबणारे एक शिक्षक. पहिली रांग टेबलापासून दहा फुटांवर. मुलांना चष्मे आम्ही देतो. एका वेळी शंभरपेक्षा जास्त मुलं नकोत. जास्त असतील तर दोन सत्रं करू, पण मागच्याला काही दिसलं नाही असं नको.

मानधन मुलांच्या संख्येवर नाही, सत्रांवर आणि अंतरावर ठरतं. चंदगड, शाहूवाडी, गगनबावड्याच्या शाळांनी शेजारच्या दोन-तीन शाळा मिळून एकच दिवस घेतला तर प्रवासखर्च वाटला जातो. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपासच्या तारखा लवकर संपतात, त्या हव्या असल्यास दिवाळीआधी कळवा. कळवताना इयत्ता आणि वर्गात सध्या कोणतं प्रकरण चालू आहे तेवढं लिहा; प्रयोग त्याप्रमाणे लावून आणतो.