जावक ई-मेलमधील वितरणदोष

घरच्या संगणकावरून पाठविलेला ई-मेल आपल्याच सेवादात्याच्या सर्व्हरने न स्वीकारणे, किंवा त्याने स्वीकारूनही तो समोरच्याच्या पेटीत न पडणे, या दोन्ही अवस्थांना वितरणदोष म्हणतात. विदर्भाच्या ग्रामीण भागात दोहोंनाही सरसकट ‘मेल वापस आला’ असे म्हटले जाते, पण निवारणाच्या दृष्टीने त्या भिन्न आहेत. ग्रामपंचायतीच्या आवक-जावक नोंदवहीच्या भाषेत सांगायचे, तर पहिल्या अवस्थेत टपालाला जावक क्रमांकच पडलेला नसतो. दुसरीत तो पडलेला असतो आणि टपाल पुढे कोठेतरी अडते. पहिल्या अवस्थेत संदेश आउटबॉक्समध्येच राहतो व पडद्यावर लगेच त्रुटी दिसते; दुसरीत तो ‘पाठविलेले’मध्ये जातो आणि काही वेळाने परतीची सूचना येते. घरगुती तक्रारींपैकी बऱ्याचशा पहिल्या प्रकारच्या असतात, असे मानावयास हरकत नाही.

ई-मेलची जावक वाहतूक एसएमटीपी या नियमसंचानुसार चालते. त्याचा आरंभ सामान्यतः जॉन पोस्टेल यांच्या ऑगस्ट १९८२ मधील आरएफसी ८२१ या दस्तऐवजापासून धरतात (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). तथापि याच नावाचा पूर्वीचा मसुदा, आरएफसी ७८८, १९८१ मधला असल्याने तेच वर्ष अधिक योग्य ठरावे. मूळ नियमांत पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय नव्हती. ती १९९९ मध्ये आरएफसी २५५४ ने जोडली गेली, आणि आज वापरकर्त्याला अडविणाऱ्या त्रुटींपैकी पुष्कळ अशा नंतर बसविलेल्या पहाऱ्यांतूनच उद्भवतात.

सर्वाधिक गोंधळ पोर्टच्या, म्हणजे सर्व्हरवरील जोडणीच्या दाराच्या, क्रमांकाचा आहे. पोर्ट २५ हा सर्व्हरने सर्व्हरशी बोलण्याचा मार्ग असून अवांछित मेल रोखण्यासाठी अनेक इंटरनेट सेवादाते घरगुती जोडणीवर तो बंद ठेवतात. जुन्या मांडणीचा (सेटिंगचा) संगणक नव्या जोडणीवर आणताच मेल जाईनासा होतो, तो बहुधा यामुळे. वापरकर्त्याने मेल सोपविण्यासाठी ५८७ हे वेगळे पोर्ट डिसेंबर १९९८ मध्ये आरएफसी २४७६ ने सुचविले. त्याआधी १९९७ मध्ये ४६५ हे पोर्ट सुरक्षित एसएमटीपीसाठी नोंदले गेले होते. ती नोंद लवकरच रद्द होऊन क्रमांक दुसऱ्या कामासाठी देण्यात आला, पण ई-मेलच्या संगणक-कार्यक्रमांनी आणि सेवादात्यांनी त्याचा वापर सोडला नाही. अखेर जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८३१४ ने ४६५ ला पुन्हा मान्यता देऊन आरंभापासून सांकेतिक (एन्क्रिप्टेड) जोडणीस पसंती दर्शविली. त्यामुळे २०१८ पूर्वीच्या मार्गदर्शिका ४६५ ला कालबाह्य म्हणतात व नंतरच्या त्याचीच शिफारस करतात, आणि आपापल्या काळापुरत्या दोन्ही बरोबर ठरतात. ई-मेल सेवादाता दोन्ही देत असल्यास ४६५ निवडणे श्रेयस्कर दिसते. मात्र ४६५ बरोबर ‘एसएसएल/टीएलएस’ (आरंभापासूनच सांकेतिक) व ५८७ बरोबर ‘स्टार्टटीएलएस’ (साधी सुरू होऊन मग सांकेतिक होणारी जोडणी) हीच जोडी ठेवावी लागते. जोडी चुकल्यास पासवर्ड बरोबर असूनही जोडणी ताटकळून मुदत संपल्याची त्रुटी येते किंवा ती लगेच तुटते.

वारंवार ‘लाईन जाणाऱ्या’ गावांत एक कारण सहज नजरेआड होते. संगणकाच्या मदरबोर्डवरील ३ व्होल्टची बटणासारखी बॅटरी संपली असेल, तर वीज परत आल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते. सर्व्हरचे सुरक्षा-प्रमाणपत्र त्या तारखेला अद्याप लागूच झालेले नसल्यामुळे संगणक जोडणी नाकारतो. सुरक्षित संकेतस्थळेही त्याच वेळी इशारे देऊ लागली, तर मेलच्या मांडणीस हात लावण्याआधी कोपऱ्यातील तारीख पाहावी. बॅटरी तालुक्याच्या गावी किरकोळ किमतीत मिळते. मांडणी उलटसुलट केल्याने झालेले नुकसान निस्तरणे अधिक कष्टाचे.

दोष जोडणीत की खात्यात, हे ठरविण्यासाठी संगणक फोनच्या हॉटस्पॉटवर घेऊन तोच मेल पाठवून पाहणे पुरेसे होते. तेथून गेला, तर दोष घरच्या राउटरचा किंवा जोडणीचा. तेथूनही न गेल्यास मांडणी, खाते किंवा पत्ता तपासावा. सर्व्हरचा ५३५ हा क्रमांक ओळख न पटल्याचे सांगतो. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी जुन्या कार्यक्रमांतून केवळ नाव व पासवर्ड देऊन होणारा प्रवेश बंद केला. तेव्हापासून अशा कार्यक्रमांना दुहेरी पडताळणी सुरू करून वेगळा ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो.

परतीच्या सूचनेतील क्रमांकाचा पहिला अंक सर्वांत महत्त्वाचा. ४ असेल तर अडचण तात्पुरती असते आणि सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. २००८ च्या आरएफसी ५३२१ नुसार हे प्रयत्न किमान ४ ते ५ दिवस चालावेत, म्हणून विलंबाची सूचना पाहून तोच मेल पुन्हा पाठवू नये. ५ असेल तर नकार कायमचा. ५५० सोबत ५.१.१ आल्यास तसा पत्ताच नसतो, तर ५.२.२ पेटी भरल्याचे दर्शविते. पीक विम्याचा वा अन्य अर्ज भरताना केंद्रचालकाने घाईत उघडून दिलेल्या पत्त्याची पेटी वर्षानुवर्षे कोणी उघडलेली नसते, तिथे यांपैकी काहीही संभवते. मराठी कळफलक चालू राहून पत्त्यात देवनागरी अंक पडणे हेही नित्याचेच.

जोडलेली फाइल प्रवासात सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. सातबारा आणि फेरफाराची रंगीत स्कॅन १६ एमबीची असल्यास २० एमबीची मर्यादा असलेला सर्व्हर ती नाकारतो. कृष्णधवल स्कॅन केल्यास हा प्रश्न बहुधा मिटतो.

देवनागरी पत्त्यांची सोय २०१२ च्या आरएफसी ६५३१ ने झाली आणि .भारत हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये खुले झाले, परंतु मार्गातील प्रत्येक सर्व्हरने ही सोय स्वीकारलेली असावी लागते. ती नसल्यास ५.६.७ हा क्रमांक येतो, आणि तेव्हा समोरच्याकडून रोमन लिपीतील पत्ता मागून घ्यावा लागतो.