शीआनच्या कन्फ्यूशियस मंदिरातले दगडी ग्रंथ : पार्श्वभूमी

चीनमधल्या शीआन शहराच्या तटबंदीच्या आत, जुन्या कन्फ्यूशियस मंदिराच्या आवारात आज बेइलिन (‘शिळांचे वन’) संग्रहालय आहे. इथला मुख्य ठेवा म्हणजे ‘काइचंग शिलाग्रंथ’: 114 शिळा, दोन्ही बाजू कोरलेल्या, कन्फ्यूशियन परंपरेतले 12 ग्रंथ आणि साडेसहा लाखांच्या आसपास अक्षरे. या शिळा मुळात मंदिरासाठी घडवलेल्याच नव्हत्या. पाठ्यपुस्तकातला प्रमाण पाठ कोणाला बदलता येऊ नये, एवढ्यासाठी त्या कोरल्या गेल्या.

ही अडचण फार जुनी. हान राजवटीच्या काळात ग्रंथ हाताने उतरवले जात आणि राजदरबारातली प्रत प्रमाण मानली जाई. आपला पाठ खरा ठरावा म्हणून लाच देऊन त्या प्रतीतली अक्षरे बदलून घेण्यापर्यंत काहींची मजल गेली. म्हणून इ.स. 175 ते 183 या काळात लुओयांगच्या राजविद्यालयात सात ग्रंथ दगडात कोरले गेले. पाठ उतरवून घ्यायला येणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबत. त्या शिळांचे आता तुकडेच उरले आहेत.

थांग राजवटीत झंग तान या मंत्र्याने तीच मागणी पुन्हा लावून धरली आणि 837 मध्ये राजधानी चांगआनच्या, म्हणजे आजच्या शीआनच्या, राजविद्यालयात नवा संच उभा राहिला. त्याची मांडणी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. प्रत्येक बाजूवर वरून खाली आठ आडवे पट्टे, पट्ट्यात साधारण 37 उभ्या ओळी आणि ओळीत 10 अक्षरे. पट्टा उजवीकडून डावीकडे वाचायचा, मग खालचा घ्यायचा. पुढची बाजू संपली की मागची. कागदावर ठसा घेऊन पट्टे कापले की सलग वाचता येईल असा पाठ हाती येतो. 932 मध्ये फंग दाओ या मंत्र्याच्या पुढाकाराने हेच ग्रंथ लाकडी ठोकळ्यांवरून छापायचे ठरले, तेव्हा मूळ पाठ या शिळांवरूनच घेतला गेला. 953 मध्ये ते काम पुरे झाले. छपाईच्या इतिहासात या दगडांना मिळते त्याहून मोठे स्थान मिळायला हवे.

904 मध्ये राजधानी हलली, शहर आकसले आणि शिळा नव्या तटाबाहेर पडल्या. पुढे त्या आत आणल्या, पण जागा सखल आणि पाणी साचणारी होती. शिळा कलंडल्या, मोडल्या, चिखलात रुतल्या. 1087 मध्ये ल्यू दाचुंग या अधिकाऱ्याने त्या तिथून हलवल्या. बेइलिनची सुरुवात तेव्हापासून धरतात. जानेवारी 1556 च्या महाभूकंपात अनेक शिळा दुभंगल्या. 1588 मध्ये वांग याओहुईने गळालेली अक्षरे वेगळ्या लहान दगडांवर कोरून शेजारी ठेवली. मूळ दगडाला हात न लावण्याचा हा निर्णय शहाणपणाचाच होता.

पुढे शिळांवरच्या पाठाबाबत घोटाळा झाला, तो ठशांमुळे. ठसा घेताना शिळा धुऊन तिच्यावर ओला पातळ कागद बसवतात आणि ब्रशने आतली हवा काढतात. मग ब्रशनेच ठोकत कागद अक्षरांच्या खाचांत उतरवतात. कागद अर्धवट सुकला की शाईच्या बोळ्याने हलक्या हाताने, थरावर थर देत टिपतात. खाचा पांढऱ्या राहतात, बाकी कागद काळा होतो. कागद जास्त ओला असेल तर शाई झिरपून दगड काळवंडतो. फार सुकला तर कडा सुटतात आणि अक्षरे दुहेरी उमटतात. दरवेळच्या ठोकण्याने अक्षरांच्या कडा झिजतात, ते वेगळेच.

नंतर हे ठसे कापून पुस्तकासारखे चिकटवताना 1588 च्या लहान दगडांवरची अक्षरे मूळ पाठाच्या फटींत बसवली गेली. त्या भरतीत चुका होत्या. सतराव्या शतकातला थोर पंडित गु यानवू अशाच चिकटवलेल्या प्रतीवर विसंबला आणि त्याने त्यातल्या काही चुका थांगकालीन शिळांच्या माथी मारल्या. पुढच्या अभ्यासकांनी अखंड ठसे पाहून त्या वेगळ्या काढल्या.

अखंड ठसा समोर असला की आधी ओळीतली अक्षरे मोजावीत. दहाऐवजी नऊ किंवा अकरा भरली, तर तिथे दगड घासून पाठ पुन्हा कोरला असण्याची शक्यता मोठी असते.