घास पाण्याने ढकलावा लागतो तेव्हा

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास आला की ती ताणते आणि तो पुढे सरकला की मिटते. या लवचिकपणामुळेच तिच्यातला कॅन्सर बराच काळ लपून राहतो. अस्तरावर एका बाजूला गाठ वाढली तरी उरलेली भिंत ताणून घासाला वाट करून देते. ही वाट १३ मिलिमीटरच्या आसपास आली, की मग घट्ट घास वरचेवर अडकू लागतो.

तोवर माणसाने नकळत स्वतःला जुळवून घेतलेलं असतं. तो जास्त चावतो, घास लहान करतो, प्रत्येक घासामागे पाणी पितो. कोरडं, चिवट खाणं टाळतो आणि मऊ, पातळ पदार्थांकडे वळतो. जेवायला वेळ लागतो, पण विचारलं तर ‘काही त्रास नाही’ असंच उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. म्हणून हा बदल अनेकदा आधी सोबत जेवणाऱ्यांच्याच लक्षात येतो. मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती हीच खूण.

अडचणीचा क्रमही बोलका असतो. आधी घट्ट पदार्थ अडतात, मग मऊ, शेवटी पाणीसुद्धा. घन आणि पातळ दोन्ही पहिल्यापासूनच अडत असतील, तर दोष बहुधा नळीच्या हालचालीत असतो. घास गळ्याशी अडकल्यासारखा वाटला, तरी खरा अडथळा खूप खाली असू शकतो. गिळताना दुखणं, कारणाशिवाय वजन घटणं, बसलेला आवाज, रक्ताची उलटी किंवा काळी शौच हीही लक्षणं आहेत, पण त्यांतली बरीचशी उशिरा येतात.

या कॅन्सरचे मुख्य प्रकार दोन. एकामागे तंबाखू आणि दारू. दोन्ही एकत्र असतील तर धोका फारच वाढतो. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयंही ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात आहेत. दुसरा प्रकार नळीच्या खालच्या टोकाशी होतो. त्यामागे लठ्ठपणा आणि वर्षानुवर्षं वर येणारं आम्ल असतं. आम्लाने अस्तराच्या पेशी बदलतात, त्याला बॅरेट अन्ननलिका म्हणतात. जळजळ असणाऱ्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही. मात्र बदललेल्या अस्तराला आम्ल कमी झोंबतं, त्यामुळे जुनी जळजळ आपोआप कमी झाली म्हणून निर्धास्त होऊ नये.

घट्ट घास पुन्हा पुन्हा अडकत असेल, तर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेत थांबू नका. डॉक्टरांना ‘अ‍ॅसिडिटी आहे’ एवढंच सांगू नका. काय अडतं, केव्हापासून, काय खाणं सोडलं, हे सांगा. एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, अस्तर थेट दिसतं आणि संशयित जागेचा तुकडा तिथेच घेता येतो. गाठ अस्तराच्या वरच्या थरातच असेल, तर ती बऱ्याचदा दुर्बिणीतूनच, छाती न उघडता काढता येते.