उपग्रहाला जमिनीखालचे दिसते का?

‘उपग्रह आणि लायडर यांना जमिनीत गाडलेली शहरे थेट दिसतात, त्यामुळे उत्खननाची गरज उरलेली नाही,’ असा मजकूर बरीच वर्षे फिरतो आहे. चित्रे इतकी स्पष्ट असतात की असा समज होणे स्वाभाविकच आहे.

लायडरमध्ये विमानातून सोडलेले लेसरचे झोत पानांमधल्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात आणि तिथूनच परततात; मातीत ते शिरत नाहीत. झाडांवरून परतलेले बिंदू संगणकाने वगळले, की उरतो तो भूपृष्ठाचा उंचसखलपणा, आणि त्यातच जुने बांध, रस्ते, चौथरे ओळखू येतात. साध्या छायाचित्रातली खूण वेगळी: गाडलेल्या भिंतीवर मातीचा थर पातळ असल्याने तिथले पीक कोरड्या दिवसांत लवकर पिवळे पडते, तर बुजलेल्या खंदकावर ओल टिकून ते हिरवे राहते. जमिनीत खरोखर शिरते ते भूभेदी रडार. मात्र ते सहसा जमिनीवरूनच फिरवावे लागते आणि ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी लवकर विरतात.

पडताळायचे असेल, तर नकाशाच्या ॲपवर एखाद्या ज्ञात पुरातत्त्वस्थळाची वेगवेगळ्या ऋतूंतील जुनी चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. भिंत जागची हलत नाही, पण पिकातली तिची खूण एका चित्रात ठळक, तर दुसऱ्यात पूर्ण नाहीशी झालेली आढळते. ती भिंत कोणत्या काळातली, हे तर खापरे आणि मातीचे थर तपासल्यावरच सांगता येते.