फ्रँकेन्स्टाइनच्या प्रयोगशाळेतील वीज

१८१८ च्या जानेवारीत लंडनमध्ये लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीचे नाव काढले की कडाडणारी वीज आणि टेबलावर हालचाल करू लागणारा राक्षस डोळ्यांसमोर येतो. हे दृश्य चित्रपटांची देणगी आहे. मेरी शेली यांच्या पुस्तकात राक्षस घडवणारा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन निर्जीव देहात चैतन्याची ठिणगी घालतो एवढाच उल्लेख आहे, आणि त्याची कहाणी ऐकणाऱ्या कॅप्टन वॉल्टनने खोदून विचारले तरी तो आपली युक्ती सांगत नाही. तरीही वाचकाला विजेचाच संशय येतो आणि तो रास्त आहे. १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लेखिकेनेच गॅल्व्हानीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्युतप्रयोगांचा निर्देश केला आहे.

इटलीतील बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाचे पाय विजेने आखडतात हे दाखवून १७९१ मध्ये ‘प्राणिज विजे’चा, म्हणजे प्राण्यांच्या शरीरातच वीज असते हा सिद्धान्त मांडला. इटलीतीलच शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा यांना तो पटला नाही आणि त्या वादातूनच १८०० मध्ये पहिली विद्युत घटमाला (बॅटरी) जन्मली. गंमत अशी, की गॅल्व्हानींचा भाचा जोव्हानी आल्दिनी याने मामाची बाजू लढवण्यासाठी वापरली ती व्होल्टांचीच घटमाला. खुन्यांचे मृतदेह विच्छेदनासाठी देण्याचा कायदा इंग्लंडमध्ये १७५२ पासून लागू होता. त्यामुळे जानेवारी १८०३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगापाशी फाशी गेलेल्या खुनी जॉर्ज फॉर्स्टरचा देह आल्दिनीला मिळाला. घटमालेच्या तारा तोंडाला आणि कानाला लावताच त्याचा जबडा थरथरला, चेहऱ्याचे स्नायू पिळवटले आणि डावा डोळा चक्क उघडला. पुढे उजवा हात वर उठून त्याची मूठ वळली. बुडालेल्या माणसांना वाचवण्यासाठी या तंत्राचा उपयोग होईल, ही आल्दिनीची आशा होती. ती अगदीच वेडगळ म्हणता येणार नाही.

फॉर्स्टर अर्थातच जिवंत झाला नाही. चेता (मज्जातंतू) आणि स्नायू यांच्या पेशींच्या आवरणाच्या आत पोटॅशियमचे आणि बाहेर सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, जास्त असतात, आणि हा फरक टिकवून ठेवण्यात पेशीची ऊर्जा सतत खर्च होत असते. श्वास थांबल्यावरही ही शिल्लक काही काळ पुरते. तेवढ्या अवधीत बाहेरून धक्का बसला की आवरणातील मार्ग उघडतात, सोडियम आत घुसतो आणि स्नायू आकुंचन पावतो. वीज येथे फक्त कळ दाबते. बळ पेशीचेच असते, आणि ते सरले की कितीही मोठी घटमाला लावली तरी स्नायू ढिम्म राहतो. शवांचे तुकडे जोडून उभारलेला व्हिक्टरचा आठ फुटी देह नेमका येथे अडला असता.

आल्दिनीच्या आशेला मूर्त रूप यायला १९४७ साल उजाडले. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे शस्त्रक्रियेदरम्यान हृदय बंद पडलेल्या १४ वर्षांच्या मुलाच्या हृदयाला शल्यविशारद क्लॉड बेक यांनी थेट विजेचा धक्का दिला आणि तो मुलगा वाचला. तेथेही विजेने हृदय ‘चालू’ केले नव्हते. स्नायूतंतूंची बेताल थरथर तिने एकदम थांबवली आणि हृदयातील ठोके ठरवणाऱ्या पेशींना पुन्हा आपला ताल धरता आला.