उंदीर कोणता?

‘उंदरांमधली मेंदूची गाठ विरघळली, औषध सापडलं!’ असा मजकूर परवा आमच्या राजारामपुरीतल्या ग्रुपवर फिरत होता. मला आधी विचारावंसं वाटतं: उंदीर कोणता?

मेंदूच्या एका गाठीचं उदाहरण घेऊ. मेंदूच्या देठात सेतू (पॉन्स) नावाचा भाग असतो. डीआयपीजी (डिफ्यूज इंट्रिन्सिक पॉन्टाइन ग्लायोमा) ही तिथली कर्करोगाची गाठ बहुधा 5 ते 10 वर्षांच्या मुलांना होते आणि सेतूच्या तंतूंमध्ये वाळूत पाणी मुरावं तशी पसरते. म्हणून ती कापून काढता येत नाही. रेडिएशननं काही महिने आराम पडतो, पण निम्म्याहून अधिक मुलं निदानानंतर वर्षभरही जगत नाहीत. डोळा अचानक तिरळा होणं हे सुरुवातीचं लक्षण असू शकतं. ती नजर लागलेली नसते, डोळा बाहेर वळवणारी नस बाधित झालेली असते. अंगाऱ्यात दिवस घालवू नयेत.

निदान एमआरआयवरच होई, तुकडा काढणं धोक्याचं मानत. त्यामुळे प्रयोगशाळेत या गाठीच्या पेशीच नव्हत्या. मूल गेल्यावर काही आईवडिलांनी गाठ दान केली. स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे आणि सहकाऱ्यांनी अशा पेशी वाढवून उंदराच्या मेंदूत रुजवल्या. ते काम 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. 2012 मध्ये मूळ बिघाड सापडला: डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या एच3 हिस्टोन प्रथिनात 27 व्या जागी लायसिन या अमिनो आम्लाऐवजी मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल.

एवढ्याशा बदलानं काय होतं? पावसाळा सरला की आपण बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतो. तसंच पेशी प्रौढ होताना पीआरसी2 हे एन्झाइम त्या 27 व्या लायसिनवर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा लावून बाळपणीची जनुकं बंद करतं. बिघडलेला एच3 एकूण एच3 मध्ये थोडाच असतो, पण तो बरगे घालणाऱ्याचाच हात धरतो. बहुतेक ठिकाणचे बरगे गळतात आणि पेशी अर्धवट वयातच वाढत राहते.

म्हणून मॉडेलसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत या रोगाची नक्कल करण्यासाठी, पेशीचं वयही जुळावं लागतं. 2014 मध्ये संशोधकांनी मानवी मूलपेशींपासून चेतापूर्वज पेशी (ज्यांपासून पुढे मेंदूच्या पेशी बनतात) घडवून त्यांत हा बदल घातला. कर्करोगाला आवर घालणारं पी53 बंद आणि पेशीला वाढायला सांगणारं पीडीजीएफआरए चालू, अशी दोन जनुकांची जोड मिळाल्यावर त्या कर्करोगाकडे वळल्या.

मानवी पेशी रुजाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती नसलेला उंदीर घेतात, त्यामुळे प्रतिकारशक्तीवर चालणारे उपचार त्यात पुरते तपासता येत नाहीत. शिवाय गाठ कातडीखाली वाढवली तर औषध सहज पोचतं. सेतूत मात्र रक्त आणि मेंदूमधला पडदा त्याला अडवतो. ग्रुपवरच्या मजकुरात गाठ कुठे रुजवली होती, याचा उल्लेखच नव्हता.