कावा निर्यात आणि बेटांवरील बाजारप्रवेश (वानुआतू)

कावा : मिरी, पिंपळी आणि विड्याचे पान ज्या प्रजातीत मोडतात त्याच पायपर प्रजातीतले झुडूप; शास्त्रीय नाव पायपर मेथिस्टिकम. त्याची मुळे कुटून पाण्यात कालवून गाळलेला रस दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवर शतकानुशतके प्यायला जातो. त्यात मद्यार्क नसतो. जीभ आणि ओठ बधिरतात, अंग सैलावते, बोलणे हळू होते. वानुआतू या बेटराष्ट्रात हे पेय समारंभाचे आहे आणि रोजच्या संध्याकाळचेही. आज ते देशाच्या शेतमाल-निर्यातीत आघाडीवर आहे. लहान देशाच्या मालाने परदेशात टिकून राहावे हा एक प्रश्न, आणि दूरच्या बेटावरच्या शेतकऱ्याचा माल बाजारापर्यंत पोचावा हा दुसरा. सरकारी कागदांत हे दोन्ही सहसा वेगवेगळ्या खात्यांकडे असतात. कावाच्या धंद्यात मात्र ते एकाच पोत्यात येतात, म्हणून त्यांचा विचार येथे एकत्र केला आहे.

बेटे आणि बागा

वानुआतूत सुमारे ८० बेटे असून ती उत्तर-दक्षिण जवळपास १,३०० किमी पसरली आहेत. जमीन मात्र सारी मिळून सुमारे १२,२०० चौ. किमी. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ३ लाखांच्या घरात होती आणि त्यांतले बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात. १९०६ पासून ‘न्यू हेब्रिडीज’ या नावाने ब्रिटन व फ्रान्स यांचा येथे संयुक्त अंमल होता. ३० जुलै १९८० रोजी देश स्वतंत्र झाला. राज्यघटनेने सर्व जमीन मूळ रहिवाशांची, परंपरेने ज्यांच्याकडे चालत आली त्यांची, असे ठरवले. त्यामुळे कावा हे मुख्यतः छोट्या बागायतदारांचे पीक राहिले. जंगल साफ करून केलेल्या बागेत कोनफळ, टारो (अळूचे कंद) आणि केळी यांच्या सोबतीनेच ते लावतात.

या झुडपाला बी धरत नाही. खोडाच्या पेरांपासूनच लागवड होते. म्हणजे आज उभे असलेले प्रत्येक झाड कुणीतरी हाताने पुढे चालवलेले आहे, आणि वाणांची नावे बेटाबेटाला वेगळी आहेत : पेंटेकोस्टचा बोरोगू, अंबाएचा मेलोमेलो. उत्तर वानुआतू हेच कावाच्या लागवडीचे मूळ स्थान असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काढणीस तीन ते पाच वर्षे लागतात. पीक तयार झाले म्हणून लगेच उपटावे लागत नाही. जमिनीत राहिले तर मुळे वाढतच जातात. शाळेची फी, लग्न किंवा मर्तिक आले की शेतकरी गरजेपुरती झाडे उपटतो. त्याच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम आहे. निर्यातदाराला मात्र दर महिन्याला ठरावीक टन हवे असतात, आणि माल येतो तो गावोगावच्या घरखर्चाच्या तारखांप्रमाणे. शाळा सुरू होण्याच्या सुमारास आवक वाढते, इतर वेळी आटते. पुरवठ्याच्या या अनियमिततेला अहवालांत ‘शेतकऱ्यांची व्यापारी दृष्टी कमी’ असे म्हटले जाते. ते बरोबर नाही. जेथे बँकेची शाखा समुद्रापलीकडे आहे, तेथे पैसे जमिनीत ठेवणे हाच व्यापारी शहाणपणा आहे.

खोबरे मागे का पडले

दीर्घकाळ वानुआतूची ओळख खोबऱ्याची होती. सुकवलेले खोबरे, कोको, सांतो बेटावरचे गोमांस आणि तान्नाची कॉफी हा निर्यातीचा संसार. पण खोबऱ्याचा किलोमागे भाव इतका कमी असतो की जागतिक दर थोडा घसरला तरी बोटीचे भाडे वजा जाता शेतकऱ्याच्या हातात काही उरत नाही. मग नारळ झाडाखालीच पडून राहतात. कोकोची अडचण वेगळी. खोबऱ्याच्याच भट्ट्यांत बिया वाळवल्या की त्यांना धुराचा वास लागतो आणि चांगले चॉकलेट करणारे तो माल नाकारतात.

कावाचे गणित येथे बदलते. पाच किलो ओल्या मुळांपासून साधारण एक किलो वाळलेला माल मिळतो आणि तो खोबऱ्याच्या कितीतरी पट भावाने जातो. नीट वाळवला तर तो टिकतो. बोट एक आठवडा उशिरा आली म्हणून वाया जात नाही. वाहतूक महाग आणि बेभरवशाची असली की कमी वजनात जास्त किंमत असलेले, न नासणारे पीकच तग धरते. वानुआतूत ही निवड कोणत्याही नियोजन मंडळाने केली नाही, ती वाहतुकीने केली.

किनाऱ्यापासून बंदरापर्यंत

बागेतून मुळे डोक्यावर किंवा पिकअपमधून किनाऱ्यावर येतात. पुष्कळ ठिकाणी धक्का नसतो. जहाज थोडे आत नांगर टाकते आणि पोती छोट्या होडीतून, कधी कमरेएवढ्या पाण्यातून, न्यावी लागतात. पोते भिजले की बुरशी धरते. तेथून माल लुगानविल (सांतो बेट) किंवा राजधानी पोर्ट व्हिला (एफाते बेट) येथे जातो. आंतरराष्ट्रीय मालवाहतूक या दोनच बंदरांतून होते.

ही साखळी सुधारण्यासाठी बाहेरून बराच पैसा आला. अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन या सरकारी मदतसंस्थेने २००६ मध्ये सुमारे ६.५ कोटी डॉलरचा करार केला. आरंभी यादीत अनेक बेटांवरची ११ कामे होती. खर्च अंदाजापेक्षा फार वाढला आणि शेवटी दोनच रस्ते उरले : एफातेचा वर्तुळाकार रस्ता व सांतोचा पूर्व किनारा रस्ता. दोन्ही रस्ते उपयोगी आहेत यात शंका नाही. पण जी दोन बेटे आधीच बंदरांच्या जवळ होती त्यांनाच ते मिळाले. पेंटेकोस्टचा डोंगर आणि अंबाएचा किनारा होते तसेच राहिले. पुढच्या दशकात आशियाई विकास बँक आणि न्यूझीलंड यांच्या मदतीने आंतरद्वीपीय जहाजवाहतुकीचा प्रकल्प झाला. त्यातून धक्के बांधले गेले आणि ज्या मार्गांवर खासगी जहाजे जात नाहीत तेथे फेऱ्यांना अनुदान देण्याची सोय झाली. माझ्या मते या दोहोंत अनुदान अधिक मोलाचे. धक्का बांधून झाला की फीत कापता येते, पण जहाज कोणत्या वारी येणार हे ठाऊक नसेल तर शेतकरी झाडे उपटत नाही.

सर्वांत स्वस्त सुधारणा कदाचित दूरध्वनीची ठरली. २००८ मध्ये दुसरी मोबाइल कंपनी आली, मक्तेदारी संपली आणि खेड्यांपर्यंत सिग्नल पोचू लागला. जहाज निघाले का, लुगानविलला आज भाव काय, हे बागेत उभे राहून विचारता येऊ लागले. त्याआधी किनाऱ्यावर येणारा दलाल सांगेल तोच भाव असे.

घरची गिऱ्हाइके

निर्यातदाराचा खरा प्रतिस्पर्धी परदेशात नसून पोर्ट व्हिलाच्या गल्ल्यांत आहे. संध्याकाळ झाली की नाकामालांच्या, म्हणजे कावा पिण्याच्या जागांच्या, दाराशी रंगीत दिवा लागतो. तेथे ओली मुळे हवी असतात, कारण ताज्या रसाची चव वाळलेल्या भुकटीला येत नाही. ना प्रयोगशाळेचा दाखला, ना निर्यातीचे कागद, पैसे रोख. परदेशी मागणी कमी झाली तरी ही मागणी भावाला खालून आधार देते, आणि निर्यातदाराला त्याहून अधिक भाव द्यावाच लागतो. ओला माल काही दिवसांतच खराब होत असल्याने तो विमानाने किंवा वेगवान बोटीने आणावा लागतो. मे २०२४ मध्ये राष्ट्रीय विमानसेवा एअर वानुआतू अवसायनात गेली, तेव्हा हा हवाई मार्ग विस्कळीत झाला.

दर्जाचा प्रश्न

कावाच्या निर्यातीला बसलेला सर्वांत मोठा धक्का वादळाचा नव्हता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात चिंता आणि निद्रानाश यांवर वनौषधी म्हणून कावाच्या गोळ्या खपू लागल्या आणि मागणी एकदम चढली. व्यापारी मिळेल ते घेऊ लागले : मुळांबरोबर साली, खोडाचे तुकडे, कोणताही वाण. मग यकृताला इजा झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या आणि जून २००२ मध्ये जर्मनीने ही औषधे बंद केली. पाठोपाठ इतर काही देशांनी निर्बंध घातले. दोष कावाचा, अर्क काढण्यासाठी वापरलेल्या द्रावकांचा, चुकीच्या वाणांचा, की सोबत घेतलेल्या इतर औषधांचा, यावर वाद अजून मिटलेला नाही. २०१४ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने ती बंदी अयोग्य ठरवली, पण तोपर्यंत बारा वर्षे गेली होती आणि युरोपची बाजारपेठ पूर्वीसारखी परत आली नाही.

या तडाख्याच्याच वर्षी, २००२ मध्ये, वानुआतूने कावा कायदा केला. त्यात वाणांचे गट पाडले गेले. ‘नोबल’ वाण म्हणजे पूर्वापार रोज प्यायले जाणारे. ‘टू-डे’ वाणांची गुंगी दुसऱ्या दिवशीही उतरत नाही, मळमळ होते. त्यांच्या निर्यातीस मनाई आहे. अडचण अशी की टू-डे झाडे भरघोस आणि दणकट वाढतात, म्हणून लावण्याचा मोह असतो. एकदा तुकडे करून वाळवले, त्यातही भुकटी केली, की नजरेने फरक कळत नाही. गावचा दलाल दहा घरांचा माल एकाच पोत्यात ओततो आणि तेथेच वाणाची ओळख संपते. कायदा पोर्ट व्हिलात, पोते पेंटेकोस्टवर.

येथे विज्ञान कामी आले. वानुआतूत अनेक वर्षे संशोधन करणारे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिन्सेंट लेबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कावातील सहा मुख्य घटकांच्या, म्हणजे कावालॅक्टोनांच्या, प्रमाणावरून वाणांची वर्गवारी बसवली आणि एक सोपी रंगचाचणी पुढे आणली. भुकटी अ‍ॅसिटोनमध्ये मिसळली की नोबलचा अर्क पिवळसर दिसतो, टू-डेचा नारिंगी ते तपकिरी. महागड्या यंत्राविना, बंदरातल्या गोदामात करता येईल अशी ही परीक्षा आहे. तिचा खरा परिणाम मागे बागेपर्यंत जातो : पोते नाकारले जाऊ शकते हे कळले की निर्यातदार अनोळखी दलालाऐवजी ठरावीक गावांशी व्यवहार ठेवू लागतो, मूळ आणि खोडाचा बुंधा वेगवेगळा मागतो, वाळवण जमिनीवर न करता उंच मांडवावर करायला लावतो. मुळांत कावालॅक्टोन अधिक असल्याने त्यांना बुंध्यापेक्षा भावही अधिक मिळतो. म्हणजे ज्या गावाचा माल ओळखता येतो त्याला चांगला भाव मिळण्याची शक्यता वाढते. मात्र बोट न येणाऱ्या, निर्यातदार कधी न पोचणाऱ्या गावाला ही ओळख मिळवता येत नाही. ते पुन्हा दलालाच्या मिश्र पोत्याकडे वळते.

नियमांच्या पातळीवर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या आढाव्याने पाण्यात कालवलेला पारंपरिक कावा स्वीकारार्ह इतक्या कमी जोखमीने पिता येतो, असे म्हटले. २०२० मध्ये कोडेक्स आयोगाने, म्हणजे अन्नपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या मंडळाने, अशा पेयासाठीच्या कावाचे मानक मंजूर केले. ते प्रादेशिक आहे, जागतिक नाही. तरीही परदेशी अधिकाऱ्यापुढे ठेवायला एक कागद तयार झाला. डिसेंबर २०२१ पासून ऑस्ट्रेलियाने व्यापारी आयात प्रायोगिक तत्त्वावर खुली केली.

करार आणि शेजारी

वानुआतू २४ ऑगस्ट २०१२ रोजी जागतिक व्यापार संघटनेत आला. अर्ज १९९५ चा होता. ४ डिसेंबर २०२० रोजी तो अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. कावाला या दोन्हींचा फारसा फरक पडला नाही, कारण त्याची वाट आयातकराने क्वचितच अडवली. अडवली ती आरोग्यविषयक नियमांनी. शेजारधर्मही भरवशाचा नसतो. २००५ मध्ये वानुआतूने स्थानिक कारखान्याच्या रक्षणासाठी फिजीची बिस्किटे थांबवली, तर फिजीने वानुआतूचा कावा थांबवला. दोघेही मेलानेशियन देशांच्या एकाच व्यापार करारात होते. बिस्किटांच्या भांडणात पेंटेकोस्टच्या शेतकऱ्याचा माल अडकला.

वादळे आणि मजूर

मार्च २०१५ मधील पॅम आणि एप्रिल २०२० मधील हॅरॉल्ड या चक्रीवादळांनी बागा झोपवल्या. हॅरॉल्डने तर सांतो व पेंटेकोस्ट हे कावाचे पट्टेच गाठले. उन्मळलेले झाड लगेच उपटून विकावे लागते, त्यामुळे वादळानंतर काही आठवडे बाजारात कोवळा माल भरमसाट येतो आणि मग रोपे वाढेपर्यंत काही वर्षे टंचाई राहते. तेव्हा भाव चढतो, आणि भाव चढला की भेसळ वाढते. अंबाएवर २०१७ व २०१८ मध्ये ज्वालामुखीमुळे सारे बेटच रिकामे करावे लागले. डिसेंबर २०२४ च्या भूकंपाने पोर्ट व्हिलाच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दरड कोसळली.

याहून शांतपणे घडणारा बदल मजुरांचा आहे. न्यूझीलंडने २००७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने त्यानंतर पॅसिफिकच्या लोकांना हंगामी शेतमजुरीसाठी बोलावणे सुरू केले, आणि त्यांत वानुआतूचे लोक मोठ्या संख्येने जातात. काही महिन्यांच्या फळतोडणीत मिळणारा पैसा कावाच्या बागेतून यायला चार वर्षे लागतात. त्याच पैशातून परतलेले तरुण पिकअप घेतात, वाळवणीचा मांडव घालतात, नवी लागवडही करतात. पण झाडे लावायची, तण काढायचे आणि मुळे खणायची त्या महिन्यांत बागेत म्हातारी माणसे आणि बायकाच असतात, आणि कावाची खणणी हे अंगमेहनतीचे काम आहे.